सेल काट्यावर घ्या, घड्याळावर तपासा

आमच्या अकोले तालुक्यात हेडलॅम्प ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीने येते. रात्रीचा वार आला की मोटर चालू करून उसात दारं धरायला जावंच लागतं. वाफा फुटला की खोऱ्याला दोन्ही हात लागतात, तिथे हातातली बॅटरी काय कामाची? त्यात प्रवरेकाठचा ऊस म्हणजे बिबट्याची राहती जागा. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याच्या आसपास कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे, आणि तेही अभयारण्यात नव्हे, भरवस्तीच्या शेतीत! याच तालुक्यात १,६४६ मीटरचं कळसूबाई आहे. बारी गावातून मध्यरात्री चढायला निघणाऱ्यांना वाट दाखवणारी आमची पोरं याच दिव्यांवर चालतात.

दिवे आता बरे मिळतात. घात करतो तो आतला सेल. उसात, गडावर आणि दुकानांच्या काउंटरवर जे पाहिलं, त्यातून पटलेल्या या गोष्टी.

१. आधी रात्रीचा हिशेब मांडा

सेलवर एमएएच छापलेलं असतं, पण हिशेब वॉट-तासांत करावा. ३५०० एमएएच म्हणजे साडेतीन अँपिअर-तास. त्याला सेलच्या सरासरी ३.६ व्होल्टने गुणलं की १२.६ वॉट-तास. आठ तासांची पाळी धरली तर सतत साधारण दीड वॉट वाट्याला येतो. चांगल्या हेडलॅम्पमध्ये एका वॉटला साधारण शंभर ल्युमेन उजेड पडतो. म्हणजे दीडशे ल्युमेनवर एक खरा सेल पूर्ण रात्र काढतो, आणि दारं धरायला तेवढा उजेड पुरून उरतो. हजार ल्युमेन लावले तर तोच सेल सव्वा तासात संपेल. मोठा झोत राखून ठेवायचा तो बांधापलीकडे काही हललं तर. कपाळावरचा दिवा नजरेच्या रेषेत असल्याने जनावराचे डोळे लांबूनही चमकलेले दिसतात. कमरेजवळ धरलेल्या टॉर्चने ते इतके सहज दिसत नाहीत.

२. छापील आकड्याला भुलू नका

बहुतेक हेडलॅम्पमध्ये १८६५० सेल बसतो. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य गोल आकाराचं. एवढ्या डबीत नामांकित कंपन्यांनाही ३५००-३६०० एमएएचच्या पुढे फारसं जाता आलेलं नाही. आणि आपल्या आठवडे बाजारात ९९०० लिहिलेले सेल जोडीने विकायला असतात!

एका काउंटरवर असाच लालभडक सेल हातात ठेवत दुकानदार म्हणाला, "दादा, हा नव्व्याण्णवशेचा न्या. तुमचा कंपनीचा पस्तीसशेचाच आहे."

शेजारी उभे असलेले एक तात्या लगेच म्हणाले, "मंग त्याच्यापेक्षा तिप्पट चालंल की!"

चालत नाही. अशा सेलमध्ये कित्येकदा खरी क्षमता हजारच्या आसपास असते. वरच्याच हिशेबात घाला: ३.६ वॉट-तास, दीड वॉटवर जेमतेम अडीच तास. अकराला मोटर चालू केली तर दीडच्या सुमाराला उसात मिट्ट काळोख. १८६५० वर चार हजारांच्या पुढचा आकडा दिसला की सेल परत ठेवावा, पुढची चौकशीसुद्धा करू नये. जास्त क्षमता हवीच असेल तर २१७०० सेलचा दिवा घ्यावा. तो २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब असतो. त्यात खरेखुरे ५००० एमएएच मिळतात.

३. सोनाराच्या काट्यावर ठेवा

चांगल्या क्षमतेचा खरा १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. २१७०० सत्तर ग्रॅमच्या आसपास. ओळखीच्या सोनाराकडे दोन सेल काट्यावर ठेवून पाहिले. कंपनीचा ४७ ग्रॅम भरला. त्याच्याहून मोठा आकडा मिरवणारा झगमगीत वेष्टनाचा सेल तिशीच्या आतच थांबला. सोनार हसून म्हणाला, "हे तर पोकळ काम दिसतंय." खरंच तसं असतं. दुरुस्तीवाल्याकडे असा एक मेलेला सेल उघडलेला पाहिला. बाहेरच्या डबीत बोटाएवढी बारकी डबी आणि उरलेल्या जागेत पांढरी भुकटी दाबून भरलेली. घरी कोणी सेल कापून बघू नये, आत शिल्लक चार्ज असेल तर आग लागते. शिवाय वजन भरलं म्हणून सेल खरा ठरत नाही, कारण भुकटीनेही वजन वाढवता येतं. हलका सेल मात्र नक्कीच बाद.

४. अँपिअरही विचारा

टाकी मोठी असली तरी तोटी बारीक असेल तर पाणी जोरात पडत नाही. सेलचंही तसंच आहे. एमएएच म्हणजे साठा. एका वेळी किती प्रवाह देता येतो ते अँपिअरवरून कळतं. सॅमसंगचा ३५ई हा ३५०० एमएएचचा सेल सलग ८ अँपिअर देतो. एलजीचा एमजे१ तेवढ्याच साठ्यावर १० अँपिअर देतो. सॅमसंगच्या २५आर मध्ये साठा २५०० चाच, पण प्रवाह २० अँपिअर. हजार ल्युमेनच्या झोताला तीन अँपिअरच्या आसपास लागतात, त्यामुळे रात्रभराच्या कामाला मोठ्या साठ्याचा सेल बरा. दोन-तीन हजार ल्युमेनचा दिवा असेल तर मात्र त्याच्या माहितीपत्रकात किती अँपिअर मागितलेत ते वाचूनच सेल घ्यावा. नकली सेल इथेही उघडा पडतो. मोठा झोत लावला की दिवा मिनिटभरात मंदावतो किंवा लुकलुकतो.

५. 'ओरिजिनल सुटा सेल' म्हटलं की सावध व्हा

सॅमसंग, एलजी यांसारखे कारखाने हे उघडे सेल पॅक बनवणाऱ्या उद्योगांसाठी तयार करतात. ग्राहकाने सुटे सेल हाताळू नयेत, असं ते स्वतःच बजावतात. मग बाजारात येतात ते कुठून? काही चांगल्या विक्रेत्यांमार्फत येतात, तर काही जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढून, नवं वेष्टन चढवून. टोकांकडे नीट बघा. घासल्याच्या खुणा किंवा ठिपक्याठिपक्यांचे वेल्डिंगचे डाग असतील तर तो सेल एकदा नांदून आलेला आहे. सोनीने १९९१ साली पहिला लिथियम-आयन सेल बाजारात आणला, पण हा व्यवसाय २०१७ साली मुराता कंपनीकडे गेला. तेव्हा आज कोणी 'नवा कोरा सोनी' दाखवला तर आधी उत्पादनाची तारीख विचारा.

आपल्यासारख्याने सरळ रस्ता धरावा. दिवा ज्या कंपनीचा, सेलही त्याच कंपनीचा. दोन पैसे जास्त जातात, पण क्षमता, प्रवाह आणि लांबी यांचा मेळ आधीच बसवलेला असतो.

६. संरक्षण सर्किटवालाच सेल घ्या

अशा सेलच्या बुडाला एक छोटी गोल चकती बसवलेली असते. सेल प्रमाणाबाहेर चार्ज झाला, फार उतरला किंवा शॉर्ट झाला की ती प्रवाह तोडते. चिखलात, ओल्या हाताने वापरायच्या दिव्याला हे हवंच. तिच्यामुळे सेलची लांबी ६५ वरून ६८ ते ७० मिलिमीटरपर्यंत जाते आणि काही दिव्यांत तो बसत नाही. म्हणून दुकानात जाताना दिवा सोबत न्या. दोन सेलचा दिवा असेल तर जोडी एकाच वेळी, एकाच बनावटीची घ्या. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावली तर जुना आधी तळाला जातो आणि नवा त्याला उलटा रेटतो. तिथून धोका सुरू होतो.

७. पहिली परीक्षा घरी, घड्याळ लावून

नवा सेल आला की मल्टिमीटर लावा. बहुतेक सेल साडेतीन व्होल्टच्या आगेमागे असतात. अडीचच्या खाली असेल तर चार्ज न करता परत करा. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट दाखवले पाहिजेत. मग आठवडाभर तसाच ठेवून पुन्हा मोजा. खरा सेल जवळजवळ तिथेच असतो. ४.१ च्या खाली घसरला तर तो आतून गळतोय.

मल्टिमीटर नसेल तर घड्याळ पुरेल. मधल्या उजेडावर दिवा लावून ओट्यावर ठेवायचा आणि किती तास चालतो ते लिहून ठेवायचं. कंपनीने सांगितलेल्या वेळेच्या जवळपास भरला तरच तो सेल उसात न्यायचा. सेलच्या वेष्टनावर मार्करने तारीख टाका. पुढच्या मोसमात हीच परीक्षा पुन्हा घ्या. वेळ एक तृतीयांशाने घटली असेल तर तो सेल घरातल्या दिव्याला लावा.

८. चार्जर आणि ऊन, दोन्ही सांभाळा

लिथियम सेलचा चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबला पाहिजे. स्वस्तातले काही चार्जर रेटतच राहतात. सेल फरशीवर चार्ज करावा. गोधडीवर, कडब्याजवळ किंवा सगळे झोपल्यावर नको. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या मोटरच्या पेटीत दिवा विसरू नका, तिथल्या उष्णतेने सेलचं आयुष्य झपाट्याने घटतं. बरेच दिवस वापर नसेल तर अर्ध्या चार्जवर, सावलीत ठेवा. वेष्टन फाटलं की वापर बंद, कारण सेलची सगळी धातूची डबी ऋण टोक असते. मोटरच्या किल्ल्या आणि सुटे पैसे असलेल्या खिशात सुटा सेल टाकणं म्हणजे मांडीजवळ जाळ बाळगणं. प्लास्टिकची डबी थोड्या पैशांत मिळते.

९. बिल घ्या, नोंदणी क्रमांक बघा

अशा सेलसाठी भारतात आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. सेलवर किंवा खोक्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं. नाव जुळत नसेल तर दुकानदाराला तिथेच विचारा. पक्कं बिल मागितल्यावर जो "त्याचं काय करता अण्णा, खात्रीचा माल आहे" म्हणतो, त्याच्याकडून सेल घेऊ नये. मेलेला सेलही उकिरड्यावर टाकू नका. उकिरडा पेटवला जातो आणि सेल फुटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. विक्रेत्याला किंवा ई-कचरा केंद्राला तो परत द्या.

१०. एका सेलवर रात्र सोडू नका

शेतीला दिवसा लाइट देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली. तिच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. दिवसा लाइट सगळ्या शिवारांत पोचेल तेव्हा पोचेल, तोवर रात्रपाळी चुकत नाही. म्हणून तपासलेला दुसरा सेल डबीत, एक साधी टॉर्च कमरेला आणि सोबत एक माणूस, एवढं घेऊनच बांध ओलांडावा. मोबाइलवर गाणी मोठ्याने लावावीत आणि बोलत राहावं, म्हणजे बिबट्याला आपली चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. बारीहून वर जाणाऱ्या पोरांनाही हेच सांगणं आहे: पाहुण्यांच्या दिव्यात कुठला सेल आहे ते पायथ्यालाच बघून घ्या. कळसूबाईच्या शिड्यांवर ते विचारून उपयोग नाही.