जपानमध्ये विक्री करताना

परदेशात विक्रीची नोकरी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रथम तेथील रीत अभ्यासावी, असे आम्हांस वाटते. जपानचे उदाहरण घेऊ. तेथे व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे, वाचावे; लगेच खिशात कोंबू नये. ग्राहक 'हाइ' म्हणाला की आपण होकार समजतो. पुष्कळदा त्याचा अर्थ 'ऐकतो आहे' एवढाच असतो. 'विचार करू' हा तर अनेकदा सौम्य नकारच. मोठा निर्णय बहुधा बैठकीपूर्वीच संबंधितांशी एकेकट्याने बोलून ठरतो. या पद्धतीस 'नेमावाशी' म्हणतात. म्हणून समोरचा गप्प राहिला तरी घाबरून भाव उतरवू नये. कोणास कोणती माहिती हवी, हे नम्रपणे विचारून ती लेखी पाठवावी. त्यांना आपसांत दाखविण्यास तोच कागद उपयोगी पडतो.