सामायिक परसबागा आणि शंखी गोगलगाईचा उपद्रव

मृग बरसून गेला, आर्द्रा लागले, आणि पुण्या-ठाण्याकडील ज्या वसाहतींनी आपल्या आवारातील पडीक जागेवर स्वयंसेवकांच्या बळावर सामायिक परसबागा उभ्या केल्या आहेत, त्यांच्याकडून एकाच आशयाच्या तक्रारी येऊ लागल्या: संध्याकाळी लावलेली मिरचीची, घेवड्याची, झेंडूची रोपे सकाळी जागेवर नाहीत, उरल्या आहेत त्या नुसत्या काड्या, आणि वाफ्याच्या कडेने वाळलेल्या चिकट स्रावाचे चकाकते पट्टे तेवढे उमटलेले आहेत. वाफे कसे आखावेत, पाण्याचा निचरा कसा राखावा, पाळीचे पाणी कोणी घालावे, या गोष्टी आता नवख्या सभासदासही ठाऊक असतात. त्यांची उजळणी करण्यात जागा न दवडता या चोराकडेच वळतो.

चोर म्हणजे आफ्रिकी शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेतील ही जात १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नामक शंखसंग्राहकाच्या हौसेपायी मॉरिशसहून कलकत्त्यास आली, आणि तेथून तिने जी वहिवाट पाडली ती आजतागायत कोणास मोडता आलेली नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत तिने सोयाबीनचे कोवळे कोंब असे फस्त केले की कित्येक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. नर आणि मादी या दोहोंची इंद्रिये एकाच देही असल्यामुळे जोडीतील प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, आणि भुसभुशीत ओल्या मातीत एका खेपेस घातलेली साबुदाण्यासारखी ही अंडी शंभर-दोनशेच्या घरात सहज जातात. ज्या मातीवर आपण कंपोस्ट ओतून इतकी माया करतो, तिच्याइतके उत्तम प्रसूतिगृह तिला अन्यत्र कोठे मिळणार?

ही पीडा बागेत बहुधा आपणच आणतो. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीच्या बुडाशी, स्वस्तात मिळालेल्या भरावाच्या मातीत, उघड्यावर पडून राहिलेल्या शेणखतात तिची अंडी आणि पिले दडलेली असतात. आलेला माल चाळून, निरखून, मगच वाफ्यात घ्यावा, असा दंडक घालण्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.

बंदोबस्ताचा खरा उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे म्हणूनच बहुतेकांस अप्रिय आहे: वेचणे. सूर्यास्ताच्या सुमारास गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांच्या मधल्या वाटांवर, कंपोस्टच्या ढिगाशेजारी आणि कुंपणाच्या भिंतीलगत अंथरावीत, आणि उजाडण्यापूर्वी ती उलटून त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचाव्यात. लिटरभर पाण्यास २०० ग्रॅम मीठ या प्रमाणाच्या द्रावणात त्या बुडवून माराव्यात आणि वाफ्यांपासून दूर, हात-दीड हात खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. द्रावण गटारात जावे, बागेत एक थेंबही सांडू नये. मात्र हे सर्व सभासदांनी एकाच दिवशी आणि सबंध आवारात केले तरच त्यास अर्थ आहे, कारण गोगलगाय सातबारा पाहून चालत नाही. स्वतःचा वाफा डोळ्यांत तेल घालून राखणारे आणि दोन वाफ्यांमधील सामायिक वाटेकडे ढुंकूनही न पाहणारे सभासद प्रत्येक बागेत असतात, आणि गोगलगाईचे वास्तव्य नेमके त्या वाटेवर, तेथे रचलेल्या विटांच्या आणि फुटक्या कुंड्यांच्या आडोशाला असते.

ठाण्याजवळच्या एका वसाहतीत एका सेवानिवृत्त गृहस्थांनी आपल्या वाफ्याभोवती जाड मिठाची वेस घातली होती. रात्री पाऊस कोसळला, मीठ विरघळून उताराने शेजारच्या दोन वाफ्यांत उतरले, आणि तेथील पालक व मिरची कडेकडेने करपून गेली. गोगलगाई मागच्या विटांच्या थप्पीतून यायच्या त्या आल्याच. याच बागेतील दुसरे एक उत्साही सभासद वेचलेल्या गोगलगाई मारणे जिवावर येते म्हणून त्या भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत फेकीत असत. त्या ओल्या भिंतीवरून परत येत हे निराळे सांगावयास नको. अंड्यांची टरफले, कॉफीचा चोथा, बिअरच्या वाट्या, असल्या ऐकीव तोडग्यांवर जो वेळ आणि पैसा जातो तो चार गोणपाटांवर खर्ची घालावा. चुन्याचा पट्टा कोरड्या दिवसांत थोडाफार अटकाव करतो. भर पावसात तो एका सरीत निकामी होतो आणि वारंवार टाकल्यास जमिनीचा सामू बिघडवतो.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांविषयी विचारणा सतत होते. अडीच टक्के तीव्रतेचे हे दाणेदार आमिष शेतात एकरी दोन किलो या प्रमाणात वापरले जाते आणि तेथे ते उपयोगी आहे. परंतु जेथे मुले मातीत खेळतात आणि वसाहतीतील कुत्री मुक्त फिरतात, तेथे ते टाकू नये असेच मी बजावून सांगतो. ते कुत्र्यास घातक आहे, आणि संततधारेत त्याचा प्रभाव इतका उणावतो की लुळ्या पडलेल्या गोगलगाई ओलाव्यात पुन्हा हालचाल करू लागतात.

मुलांना हा शंख हाती धरण्याचा मोह होतो आणि वडील मंडळी कौतुकाने छायाचित्रे काढतात. हा प्रकार ताबडतोब बंद व्हावा. उंदराच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीच्या अळ्या गोगलगाईच्या शरीरात असू शकतात, आणि त्या मनुष्याच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येण्याचा विकार संभवतो. उघड्या हाताने स्पर्श नको, झाल्यास साबणाने हात धुवावेत, आणि या बागेतील पालेभाजी पानन् पान स्वच्छ धुऊन, शिजवूनच खावी. कोशिंबिरीस ती पावसाळाभर वर्ज्य समजावी.

वेचणीची पाळी लावून तिची नोंद हजेरीपटात ठेवण्याची तजवीज चिटणिसांनी याच आठवड्यात करावी, आणि पाऊस थांबला म्हणून ती बंद करू नये. ओल ओसरली की गोगलगाय शंखाचे तोंड पांढऱ्या पापुद्र्याने मिटून भिंतीच्या बुडाशी, दगडांखाली वा मातीत दडून बसते आणि पुढच्या मृगापर्यंत तग धरते. दिवाळीनंतर एक दिवस मुक्रर करून विटांच्या थप्प्या हलवाव्यात, कंपोस्टचा ढीग तळापर्यंत उपसावा आणि कुंपणाकडेची माती वीतभर खणून सापडतील तेवढ्या काढाव्यात. त्या वेळी त्या पळत नाहीत आणि वेचणाऱ्यास पहाटे उठावे लागत नाही.