आजारपणाचा विमा : सहीपूर्वींचे कांहीं प्रश्न

नांदुऱ्याकडे कापूस विकून हातीं पैसा आला कीं विम्याचा एजंट दारीं येतो, आणि आपण विचारितों तें एवढेंच, "सही कोठें करूं?" पहिला प्रश्न निराळा आहे : जें फुकट मिळतें तें आपण घेतलें आहे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ सालीं दुसऱ्या नांवानें आठ जिल्ह्यांत निघाली. बुलढाण्यास ती २०१३ च्या नोव्हेंबरांत आली. जुलै २०२४ पासून ती आयुष्मान भारत योजनेसह पिवळ्या, केशरी व पांढऱ्याहि शिधापत्रिकेच्या कुटुंबांस वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार देते. हप्ता नाहीं. मात्र नेमलेल्या रुग्णालयांत, यादींतील उपचारांसाठींच. रोजच्या गोळ्यांचा खर्च तींत नाहीं. रुग्णालयांत शिरतांच आरोग्यमित्रास गांठावें. बिल झाल्यावर नव्हे.

ह्याउपर विमा विकत घेणें झाल्यास घरांतील माणसें मोजावीं. समजा, बासष्ट वर्षांचे मधुमेही वडील, मुलगा, सून व दोन लेकरें आहेत. सर्वांची एकच सामाईक पॉलिसी घेतली तर हप्ता बहुधा वडिलांच्या वयावरून ठरतो, आणि त्यांच्या एका आजारांत वर्षाची सारी रक्कम संपूं शकते. मग लेकराच्या वेळीं कांहीं उरत नाहीं. माझ्या मतें वडिलांची पॉलिसी वेगळी व चौघांची सामाईक करावी. एवढें परवडत नसेल तर वडिलांसाठीं सरकारी योजनेवरच विसंबावें. सत्तरी गांठल्यावर त्यांस आयुष्मान भारतांत ज्येष्ठांसाठीं असलेलें वेगळें कार्ड मिळेल.

"साखरेचें लिहूं नका, हप्ता वाढेल," असें एजंट म्हणेल. त्याचें ऐकूं नये. जुन्या आजारासाठीं थांबण्याची मुदत आतां फार तर तीन वर्षांची असते. पण लपविलेला आजार उघडकीस आला तर पैसे नाकारले जातात, आणि त्या वेळीं एजंट सांपडत नाहीं.

खोलीच्या भाड्याची मर्यादाहि वाचावी. मर्यादा रोजची ३००० असून खोली ६००० ची घेतली तर पुष्कळ पॉलिसींत डॉक्टरांच्या व शस्त्रक्रियेच्या फीपैकींहि निम्मेंच मिळतें. टॉप-अप पॉलिसी स्वस्त खरी; परंतु ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आधीं दुसरीकडून भागवावा लागतो. ज्याच्या गांठीं ती रक्कम नाहीं, त्यानें केवळ स्वस्ताईस भुलून ती घेऊं नये.

आणि सही होऊन गेली असली तरी कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आंत पॉलिसी परत करितां येते. तेवढ्या दिवसांत ती एखाद्या वाचत्या माणसाकडून शेवटच्या पानापर्यंत वाचवून घ्यावी.