मूठभर मातीतील सृष्टी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्णा नदीचे सपाट खोरे पसरले आहे. बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या तेथील काळ्या जमिनीत कपाशी, तूर व सोयाबीन ही पिके डोलतात. या जमिनीतील मूठभर माती हाती घेतली, तर ती निर्जीव भासते. परंतु त्या मुठीत एक सृष्टीच नांदत असते. सूत्रकृमी हा तिच्यातील एक रहिवासी होय.

नावाप्रमाणेच सूत्रकृमीचे शरीर सुतासारखे असते. त्याची लांबी बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यात तो वावरतो. पृथ्वीवरील दर ५ प्राण्यांपैकी सुमारे ४ सूत्रकृमीच असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१९ साली मांडला.

या इवल्या जीवाचे कार्य मोठे आहे. जीवाणू पालापाचोळा व शेणखत कुजवितात आणि त्यांतील नत्र आपल्या देहात साठवितात. तेथे अडकलेले नत्र पिकास मिळत नाही. काही सूत्रकृमी या जीवाणूंवर जगतात. खाल्लेल्या जीवाणूंतील सर्वच नत्र त्यांना लागत नाही. उरलेले नत्र ते अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात व ते पिकाच्या उपयोगी पडते.

सर्वच सूत्रकृमी मात्र असे उपकारक नसतात. काहींच्या तोंडात सुईसारखा अवयव असतो. तो मुळात खुपसून ते अन्नरस शोषतात. त्यांतील एका जातीच्या उपद्रवाने मुळांवर गाठी येतात आणि पीक पिवळे पडून खुरटते.

तुरीचे रोप उपटले आणि मुळांवर गाठी दिसल्या, तर शेतकऱ्याने काय समजावे? ज्या गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, बोटाने सहज सुटतात व फोडल्यास आतून गुलाबी दिसतात, त्या हवेतील नत्र पिकास मिळवून देणाऱ्या जीवाणूंच्या होत. त्या पाहून भिण्याचे कारण नाही. परंतु मूळच फुगलेले असेल व गाठ त्यापासून वेगळी होत नसेल, तर तो सूत्रकृमीचा उपद्रव समजावा.

अशा वेळी उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी, पिकांची फेरपालट करावी व झेंडू लावावा. जहाल विष जमिनीत ओतल्यास शत्रूबरोबर मित्रही मरतात. म्हणून उपाय करण्यापूर्वी पारख करावी, हेच शहाणपणाचे होय.