सेवकांचा सन्मान कसा करावा?

मंडळींच्या अभ्यासासाठीं पाठ
वाचावयाचा भाग : रोमकरांस पत्र, अध्याय १६, वचनें १ ते १६

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे हडपसर व मांजरी मागें टाकल्यावर लोणीचें स्टेशन लागतें. लोणी काळभोर हें गांव ह्याच मार्गावरचें. पुढें उरुळी येतें, मग यवत, खुटबांव व केडगांव. ह्या वाटेनें आमच्या मंडळ्यांतील माणसें बाजारासाठीं, कामासाठीं व सोयरसंबंधासाठीं नेहमीं जातात येतात. परंतु ह्याच वाटेवर लोकसेवेचीं दोन मोठीं ठिकाणें आहेत, हें जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानांत येतें. आज आम्ही ह्या दोन ठिकाणांवरून एक पाठ शिकणार आहों.

हल्लीं सत्काराचे प्रसंग पुष्कळ होतात. चौकांत मोठा फलक लागतो. शाल, श्रीफळ, फेटा व स्मृतिचिन्ह दिलें जातें. भाषणें होतात आणि टाळ्या वाजतात. ह्यांत वाईट असें कांहीं नाहीं. उपकार विसरणाऱ्यापेक्षां हार घालणारा बरा. परंतु दुसऱ्या दिवशीं पहावें तों ज्या कामासाठीं सत्कार झाला, त्या कामास एकही नवा हात मिळालेला नसतो. कधीं कधीं तर काम कोणतें, हेंही हार घालणाऱ्यास नीट सांगतां येत नाहीं. मग सन्मान झाला तो कोणाचा? सेवकाचा कीं सत्कार करणाऱ्यांचा?

१. पौलानें नांवें कशीं घेतलीं

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटला अध्याय वाचतांना आमच्यांतील पुष्कळ जण घाई करतात. त्यांत नांवेंच नांवें आहेत आणि तीं उच्चारण्यास कठीण. परंतु वाचकहो, हा अध्याय म्हणजे एक सत्कारसभाच होय. ह्या सभेंत हार नाहींत, तरी प्रत्येक माणसाचें नांव आहे व बहुतेक नांवांबरोबर त्याचें कामही आहे. फिबी ही किंख्रिया येथील मंडळीची सेविका व पुष्कळांस साहाय्य करणारी. प्रिस्का व अक्विला ह्यांनीं पौलाच्या प्राणासाठीं स्वतःचा जीव धोक्यांत घातला. त्रुफैना, त्रुफासा व पर्सिस ह्या बायांनीं श्रम केले. त्या काळीं चारचौघांत बायांचीं नांवें घेऊन त्यांच्या कामाची साक्ष देणें ही लहान गोष्ट नव्हती.

आतां दुसरें वचन पुन्हां वाचा. फिबीची ओळख करून देऊन पौल थांबत नाहीं. तिला ज्या कामांत गरज लागेल त्यांत तिला मदत करा, असें तो सांगतो. ह्यावरून खऱ्या सन्मानाचीं तीन अंगें दिसून येतात: नांव घेणें, काम सांगणें, आणि त्या कामास हात लावणें. तिसरें अंग गळालें तर पहिलीं दोन नुसतीं बोलाचीं राहतात. हीं तीन अंगें मनांत धरून आपण प्रथम केडगांवीं व मग उरुळीस जाऊं.

२. केडगांव : ज्या कामानें सन्मानाची वाट पाहिली नाहीं

पंडिता रमाबाईंचें नांव आमच्या घरोघरीं ठाऊक आहे. परंतु नांव ठाऊक असणें निराळें आणि काम ठाऊक असणें निराळें. इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांचें संस्कृताचें ज्ञान पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. तेव्हां बाईंचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. तो सन्मान विद्येचा होता, आणि तो लवकर मिळाला.

सेवेची गोष्ट मात्र वेगळी झाली. १८८२ सालीं बाईंनीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. १८९३ सालीं, सदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते ह्यावरून शहरांत मोठा गदारोळ उठला. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे थोर गृहस्थही सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि पुष्कळ मुलींस त्यांच्या माणसांनीं काढून नेलें. ज्या समाजानें विद्वत्तेचें कौतुक केलें होतें, त्याच समाजांत बाईंची निंदा सुरू झाली. परंतु सदन बंद पडलें नाहीं.

पुढें १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाईंनीं तरुणपणीं स्वतःचे आईबाप व बहीण दुष्काळांतच गमावली होतीं. भूक म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. त्या मध्य प्रांतांत गेल्या व तेथून उपाशी, निराधार मुली व विधवा शेंकड्यांनीं घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगचा बंदोबस्त चालू असल्यामुळें इतक्या जणींस शहरांत ठेवणें शक्य नव्हतें. तेव्हां त्यांस केडगांवच्या शेतावर नेलें. मुक्ति सदन तें हेंच. १९०० च्या सुमारास पुन्हां दुष्काळ पडला, तेव्हां तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळ पोंचली. तेथें नुसतें अन्नछत्र नव्हतें. शेती, विणकाम, दूधदुभतें व छापखाना ह्यांत बायांस हाताचें काम शिकवून स्वतःच्या पायांवर उभें केलें. अंध बायांसही वाचावयास शिकविलें. बाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर सदनाच्या छापखान्यांत, तेथील बायांच्याच हातून छापलें गेलें.

१९१९ सालीं सरकारनें बाईंस कैसर-इ-हिंद पदक दिलें. शारदा सदन उघडल्यापासून तीस वर्षांनीं! ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. पदक आलें तेव्हां काम उभें होतें आणि पदक न येतें तरी तें उभेंच राहिलें असतें. हीच खऱ्या सेवकाची पहिली खूण होय.

३. उरुळी कांचन : एका वचनाचें सत्तेचाळीस वर्षांचें ऋण

आतां दुसरें ठिकाण. हें तर लोणीच्या शेजारचेंच. पुण्यास डॉ. दिनशा मेहता ह्यांच्या निसर्गोपचार गृहांत राहून गेल्यावर गांधीजींच्या मनांत असें आलें कीं, हा उपचार शहरांतील श्रीमंतांपुरता राहूं नये. तो खेड्यांतील गरिबांच्या दारीं गेला पाहिजे. म्हणून मार्च १९४६ मध्यें ते उरुळी कांचन येथें कांहीं दिवस राहिले व त्यांनीं रोग्यांस स्वतः पाहिलें. माती, पाणी, ऊन, हवा व साधा आहार हींच तेथील औषधें. गांवच्या महादेव तात्याबा कांचन ह्यांनीं आश्रमासाठीं जमीन दिली. विनोबांचे बंधु बाळकोबा भावे ह्यांनीं पुढें ह्या आश्रमाच्या कामांत आयुष्य वेंचलें.

ह्याच वेळीं मणिभाई देसाई नांवाचा एक तरुण तेथें राहिला. सुरत जिल्ह्यांत १९२० सालीं जन्मलेला व विज्ञान शिकलेला हा गुजराती तरुण शहरांत मोठा पगार मिळवूं शकला असता. परंतु उरुळीच्या सेवेस आयुष्य वाहीन, असें वचन त्यानें गांधीजींस दिलें. गांधीजी जानेवारी १९४८ मध्यें गेले. वचन घेणारा गेला, तरी देणाऱ्यानें वचन सोडलें नाहीं. १९९३ सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षें, तो त्यास बांधलेला राहिला.

मणिभाईंस लवकरच दिसून आलें कीं, रोग्यास बरें करून पुन्हां उपाशी घरीं धाडलें तर रोग परत येतो. म्हणून आश्रमाबरोबर शाळा, शेती व गोशाळा आल्या. गीर जातीच्या गाईंची जोपासना झाली. १९६७ सालीं त्यांनीं भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापिली. लोक तिला ‘बायफ’ म्हणतात. तिच्या कामाची युक्ति प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्याजोगी आहे. गरिबाची गाय दूध थोडें देते, आणि चांगली गाय विकत घेण्यास त्याजवळ पैसा नसतो. परंतु त्याच गाईस उत्तम जातीच्या वळूचें गोठविलेलें वीर्य देऊन कृत्रिम रेतन केलें, तर तिच्या पोटीं जन्मलेली कालवड कांहीं वर्षांनीं त्याच गोठ्यांत पुष्कळ दूध देऊं लागते. गाय दूरच्या दवाखान्यांत नेण्याऐवजीं शिकलेला कामगारच शेतकऱ्याच्या दारीं येतो. पुढें १९८२ पासून गुजरातेंत वांसदा येथें आदिवासी कुटुंबांस थोड्या जमिनींत आंबा व काजू ह्यांच्या ‘वाड्या’ लावण्यास मदत करण्याचें कामही ह्याच संस्थेनें चालविलें.

१९६८ सालीं मणिभाईंस पद्मश्री मिळाली, आणि १९८२ सालीं लोकसेवेसाठीं रेमन मॅगसेसे पुरस्कार. वचन देऊन तेव्हां छत्तीस वर्षें झालीं होतीं.

येथें कोणी विचारील, ‘हे गृहस्थ आमच्या धर्माचे नव्हते, मग आमच्या पाठांत त्यांचें नांव कशाला?’ ह्यास उत्तर असें कीं, ह्याच पत्राच्या तेराव्या अध्यायांत ज्याचा मान त्यास द्यावा असें शिकविलें आहे, आणि तेथें धर्माची अट घातलेली नाहीं. जखमी वाटसरूची गोष्ट सांगतांना प्रभूनें शोमरोन्याचें कृत्य पुढें ठेविलें, हें आपण विसरूं नये. शेजाऱ्याचें चांगलें काम पाहून जो मुका राहतो, त्याच्या स्वतःच्या कामाची स्तुति लोकांनीं कां करावी?

आणखी एक गोष्ट. सन्मान करणें म्हणजे डोळे मिटणें नव्हे. संकरित गाईस चारापाणी अधिक लागतें आणि उन्हाचा व गोचिडांचा त्रास देशी गाईपेक्षां जास्त होतो, हें पाळणारा शेतकरी जाणतो. हें सांगितल्यानें मणिभाईंचा मान कमी होत नाहीं. उलट त्यांचें काम खरें होतें म्हणूनच त्याविषयीं खरें बोलतां येतें. खोटी स्तुति ज्यास लागते, त्याचें काम कच्चें असतें.

४. उशिरां आलेला मान

पुण्यांतील आणखी एक उदाहरण थोडक्यांत सांगतों. जोतीराव फुले ह्यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं विश्रामबागवाड्यांत सरकारतर्फे त्यांस शालजोडी अर्पण झाली, आणि ११ मे १८८८ रोजीं मुंबईंत लोकांनीं त्यांस ‘महात्मा’ ही पदवी दिली. परंतु त्या शाळांत उभें राहून शिकविणाऱ्या, वाटेनें जातांना लोकांची निंदा सोसणाऱ्या सावित्रीबाईंचें काय? त्या १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. पुणें विद्यापीठास त्यांचें नांव मिळालें तें २०१४ सालीं, म्हणजे एकशें सतरा वर्षांनीं.

ह्यावरून आमच्या मंडळ्यांनीं सावध व्हावें. जो पुढें उभा असतो त्याच्या गळ्यांत हार पडतो; त्याच्याबरोबर राबणारी बाई, पाणी भरणारा, हिशेब लिहिणारा, रात्रीं रोग्याजवळ बसणारा, हे मागेंच राहतात. पौलानें मात्र आपल्या यादींत ह्यांना जागा दिली.

५. आपल्या मंडळीनें काय करावें

समजा, लोणी काळभोर किंवा आसपासच्या एखाद्या गांवीं एखाद्या संस्थेच्या चालकाचा सत्कार करण्याचें पंचांनीं ठरविलें. तर त्यांनीं आधीं पुढील गोष्टी कराव्या.

पहिली : ज्यांची सेवा झाली त्यांस विचारावें. विधवेस, रोग्यास, शाळेंतील मुलांच्या आईबापांस विचारावें. त्यांची साक्ष हीच मोठी पदवी होय.

दुसरी : जमाखर्च पहावा. आपल्या राज्यांत सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठीं १९५० चा कायदा आहे. संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे व्हावी लागते व हिशेब तपासून घ्यावे लागतात. हिशेब दाखविण्यास जो चालक आनंदानें तयार असतो, त्याचा सन्मान निर्भयपणें करावा.

तिसरी : सोबत्यांचीं नांवें घ्यावीं. एका नांवामागें दहा नांवें असतात. तीं सभेंत मोठ्यानें वाचावीं.

चौथी : जिवंतपणीं मान द्यावा. मेल्यावर तसबिरीस हार घालण्यास खर्च थोडा व लाज त्याहून थोडी लागते. थकलेल्या सेवकास आज दिलेला धीराचा शब्द हा त्याच्या कामांत भर घालतो.

पांचवी, आणि हीच मुख्य : सभा उठण्यापूर्वीं मंडळीनें त्या कामाचा एक वांटा उचलावा. कोणी आठवड्यांतून एक सांज शिकवावें, कोणी रोग्यास दवाखान्यांत न्यावें, कोणी धान्याची पायली द्यावी, कोणी हिशेबाची वही लिहावी. शालीच्या किमतींत एखाद्या मुलाचीं पुस्तकें येत असतील तर खरा सेवक शालीविना राहण्यांत आनंद मानील.

रमाबाई गेल्यावर केडगांवचें काम बंद पडलें नाहीं. मणिभाई गेल्यावर बायफ बंद पडली नाहीं. ह्याचें कारण असें कीं, मागें राहिलेल्यांनीं त्यांस नुसता हार घातला नाहीं. त्यांनीं जूं उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलें. पुढच्या खेपेस गाडी लोणी सोडून उरुळीकडे निघेल तेव्हां खिडकींतून बाहेर पहा, आणि स्वतःस विचारा : माझ्या गांवांत कोण एकटा ओझें वाहत आहे, व मी त्यास हार देणार कीं हात?

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. फिबीविषयीं पौलानें कोणत्या तीन गोष्टी केल्या?
२. रमाबाईंस १८७८ सालीं मिळालेला मान व १९१९ सालीं मिळालेला मान ह्यांत काय भेद आहे?
३. रोग्यास बरें करून भागत नाहीं असें मणिभाईंस कां वाटलें? त्यांनीं पुढें काय केलें?
४. अन्य धर्माच्या लोकसेवकाचा मान राखणें आपलें कर्तव्य कां आहे?
५. आपल्या गांवांतील अशा एका सेवकाचें नांव सांगा, ज्याचा कधीं सत्कार झालेला नाहीं. ह्या आठवड्यांत त्याच्या कामाचा कोणता वांटा तुम्ही उचलाल?