कुत्र्याने बाहेर काही खाल्ले तर

‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेतल्या निबंधात लिहिले आहे. पण तो बाहेर जाऊन भलतेच काही खाऊन आला तर काय करावे, हे कोणत्याही निबंधात नव्हते. मला ते आमचा मोती गेल्यावर कळले.

गेल्या सुगीत शेतात उंदीर फार झाले. वडिलांनी तालुक्याहून उंदरांचे औषध आणले, भरडलेल्या धान्यात तेल घालून कालवले आणि बिळांत टाकले. उरलेले बांधावर पानावर राहिले. तेलाच्या वासाने उंदीर येतो, तसा कुत्राही येतो. तासाभराने मोती घरी आला तो लाळ गाळत, पोट आवळत. मग आळीतले सगळे वैद्य जमले. एकाने मिठाचे पाणी पाजले, दुसऱ्याने दूध-भाकरी कुस्करून चारली, आजीने तूप आणले. कोणाच्याही मनात वाईट नव्हते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काय खाल्लं? पुडी आणलीय का?” पुडी चुलीत गेली होती. बारीक अक्षर वाचणारा घरात मी एकटाच, आणि ती दोन दिवस कोनाड्यात असताना मी ती हातातही घेतली नव्हती. मोती संध्याकाळी गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी केली. ती काळी पूड झिंक फॉस्फाईडची होती. नंतर डॉक्टरांना पुन्हा भेटलो. त्यांनी न कंटाळता समजावले. ही पूड जठरातल्या आम्लात मिसळली की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. पोटात अन्न गेले की आम्ल वाढते, म्हणजे आमची दूध-भाकरी विषाच्याच मदतीला गेली. यावर उतारा नाही. जे करायचे ते लवकर करावे लागते. असा कुत्रा ओकला तर तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून त्याला बंद खोलीत ठेवू नये.

उंदरांचे दुसरे औषध ब्रोमॅडिओलोन. त्याची तऱ्हाच निराळी. कुत्रा तीन-चार दिवस धडधाकट दिसतो, मग हिरड्यांतून रक्त येते, शौच काळी होते. ‘के-१’ जीवनसत्त्व वेळेवर आणि काही आठवडे दिले तर तो वाचतो. म्हणून ‘काही झाले नाही’ म्हणून घरी बसणे हीच तिथे चूक. पिकांवरच्या फवारणीच्या औषधांपैकी काहींनी लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला थरथर आणि बाहुली टाचणीएवढी होते. तिथे अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन चालते. उसाला घालत ते फोरेट, म्हणजे आपले थिमेट, याच वर्गातले. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तीन विषे, तीन उपचार. म्हणूनच डॉक्टर पुडी मागतात.

मिठाच्या पाण्याबद्दल मुद्दाम लिहितो, कारण ते घरोघरी चालते. त्याने रक्तातले मीठ वाढून झटके येऊ शकतात. बेशुद्ध किंवा थरथरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतले तर ते फुप्फुसात जाते. रॉकेल किंवा आम्ल पोटात गेले असेल तर ओकवणे जास्तच वाईट. घसा दुसऱ्यांदा भाजतो. ओकवायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. आपण तोंडातले उरलेले काढावे (हात सांभाळून, इमानी कुत्राही कळवळून चावतो), काय, किती आणि केव्हा खाल्ले ते सांगावे, ओकारीचा नमुना पिशवीत घ्यावा आणि निघावे. वाहन नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

दाणे खाऊन टाकलेले मक्याचे कणीस विषारी नसते, पण गिळले तर आतड्यात अडकते. सारखी ओकारी आणि शौच बंद, ही त्याची खूण. तिथे शस्त्रक्रियाच करावी लागते.

वडील आता कोणतेही औषध आणले की पुडी आधी माझ्या हातात देतात. मी ओसरीवर मोठ्याने वाचतो. आजीसुद्धा ऐकते, आणि मधेच विचारते, “यावर तूप चालतं का रे?”