वयाची अट : मतपेटी, रणभूमी आणि मद्यपरवाना

मनुष्य नेमका कोणत्या दिवशी प्रौढ होतो, हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही. एखाद्याला सोळाव्या वर्षी संसाराचे भान येते, तर एखाद्याला तिशीतही येत नाही. कायद्याला मात्र कोठे तरी रेघ ओढावीच लागते. मतदारयादी तयार करणारा कर्मचारी प्रत्येक तरुणाच्या विवेकाची परीक्षा घेऊ शकत नाही. त्याला जन्मतारीख पाहूनच निर्णय करावा लागतो. वयाची अट ही अशा रीतीने व्यवहाराची सोय आहे. परंतु या सोयीतूनच कधी कधी मोठे प्रश्न उभे राहतात.

महाराष्ट्रातील एकोणीस वर्षांच्या तरुणाचे उदाहरण घेऊ. लोकसभेच्या निवडणुकीत तो मत देऊ शकतो. सैन्यात भरती होऊन सीमेवर पहारा देऊ शकतो. सौम्य बिअरसाठी मात्र त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत आणि कडक मद्यासाठी पंचविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. ज्याच्या हाती राष्ट्राने बंदूक दिली आणि मतपत्रिका दिली, त्याच्या हाती मद्याचा पेला देण्यास कायदा का कचरतो, असा प्रश्न अनेक तरुण विचारतात. या तिन्ही वयोमर्यादा समान असाव्यात, असाही आग्रह धरला जातो. त्याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

एकवीसचे अठरा

मताधिकार आज आपल्याला सहज मिळालेला वाटतो. स्वातंत्र्यापूर्वी मात्र तो मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींनी जखडलेला होता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मताधिकार व्यापक करण्याची बाजू मांडली होती. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार प्रस्थापित केला आणि जात, धर्म, लिंग, संपत्ती यांचे अडसर दूर झाले. वयाची अट तेवढी राहिली, आणि ती होती २१ वर्षांची.

वस्तुतः १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमानुसार अठरा वर्षांची व्यक्ती सर्वसाधारणपणे सज्ञान मानली जात होती. ती आपल्या नावावर करार करू शकत होती, पण आपला प्रतिनिधी निवडू शकत नव्हती. या विसंगतीची किंमत सैनिकांच्या बाबतीत विशेष तीव्रतेने जाणवते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांचे शिक्षण झाले आणि ते पूना हॉर्स या रणगाडा दलात दाखल झाले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत शत्रूचे रणगाडे रोखून धरताना त्यांना वीरमरण आले. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र अर्पण केले. त्याच वर्षी मार्च महिन्यात लोकसभेची निवडणूक झाली होती. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचे होते. म्हणजे देशासाठी प्राण देणाऱ्या या वीराला त्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार नव्हता.

ही उणीव घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने भरून काढली. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने हे विधेयक संमत केले आणि २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय १८ झाले. आजचा तरुण साक्षर आणि राजकीयदृष्ट्या जागरूक आहे, तसेच अनेक राज्यांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी १८ वर्षांची मर्यादा आधीच स्वीकारली आहे, असे त्यामागील कारण देण्यात आले होते. नोव्हेंबर १९८९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत या नव्या मतदारांनी प्रथम मतदान केले. १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात टायगर हिलवर पराक्रम गाजवून परमवीरचक्र मिळविणारे योगेंद्रसिंह यादव हे त्या वेळी अवघे एकोणीस वर्षांचे होते. परंतु तोवर त्यांच्या वयाचा जवान मतदार झालेला होता. अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने झालेला हा बदल लहान नव्हे.

सैन्यसेवेतील दोन पायऱ्या

सैन्यसेवेचे वय म्हणजे एकच आकडा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तेथे दोन पायऱ्या आहेत. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत साधारण साडेसोळा वर्षांचा उमेदवार प्रवेश घेऊ शकतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत किमान वय साडेसतरा वर्षे आहे. उमेदवार अठरा वर्षांखालील असल्यास अर्जावर पालकांची स्वाक्षरी लागते. ही पहिली पायरी प्रशिक्षणाची. दुसरी पायरी प्रत्यक्ष युद्धक्षेत्राची होय. सशस्त्र संघर्षांतील बालकांच्या सहभागाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी २००० मध्ये संमत केला आणि भारताने २००५ मध्ये त्यास मान्यता दिली. प्रशिक्षण पूर्ण करून वयाची अठरा वर्षे झाल्यावरच जवानाला युद्धक्षेत्रात पाठविले जाते, असे भारताने त्या वेळी जाहीर केले.

आपल्याकडे सक्तीची सैन्यभरती नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तरुण स्वेच्छेने गणवेश चढवितो. त्याच्या हाती शस्त्र येते ते कठोर शिस्तीच्या चौकटीत, अनुभवी अधिकाऱ्यांच्या आज्ञेखाली आणि दीर्घ प्रशिक्षणानंतर. एकट्याने केव्हाही, कोठेही ते वापरण्याची मुभा त्याला नसते.

मद्य : हक्क नव्हे, परवानगी

मद्याच्या बाबतीत कायद्याची भूमिकाच निराळी आहे. मताधिकार घटनेने दिलेला आहे. उलट घटनेचा अनुच्छेद ४७ आरोग्याला अपायकारक अशा मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगतो. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. मद्यसेवनासाठी परवाना आवश्यक आहे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने तेथे वयाचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे महाराष्ट्राच्या कायद्यात मद्यपान हा अमुक वयात मिळणारा हक्क म्हणून आलेलाच नाही. तो बंदीला ठेवलेला अपवाद आहे.

यामागील कारण वैद्यकीय आहे, तसेच सामाजिकही. विचार आणि संयम यांच्याशी संबंधित असा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. शिवाय मद्याचा परिणाम पिणाऱ्यापुरता थांबत नाही. तो त्याच्या घरातील स्त्रीला सोसावा लागतो, रस्त्याने जाणाऱ्या अपरिचिताला सोसावा लागतो.

अमेरिकेचा अनुभव

वयोमर्यादा एकसारख्या करण्याचा प्रयोग एका मोठ्या देशात होऊन गेला आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत अठरा वर्षांच्या तरुणांना सक्तीने सैन्यात बोलाविले जात असे, परंतु बहुतेक राज्यांत मतदानाचे वय २१ होते. लढण्याइतका मोठा असलेला तरुण मत देण्याइतका मोठा का नाही, या प्रश्नाने तो देश ढवळून निघाला. जुलै १९७१ मध्ये तेथील घटनेची सव्विसावी दुरुस्ती मंजूर झाली आणि मतदानाचे वय १८ झाले.

त्याच युक्तिवादाच्या ओघात पंचवीसहून अधिक राज्यांनी मद्यपानाचे वयही खाली आणले. लवकरच तरुण वाहनचालकांच्या अपघातांचा प्रश्न गंभीर झाला. काही राज्यांनी पाऊल मागे घेतले. अखेर १९८४ मध्ये केंद्रीय कायदा झाला : जे राज्य मद्याचे वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीतील काही हिस्सा रोखला जाईल. साउथ डकोटा राज्याने त्यास आव्हान दिले, पण १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी २१ वर्षांची मर्यादा स्वीकारली. मताचे वय मात्र अठराच राहिले; ते पुन्हा वाढवावे असे वाटण्याजोगे कोणतेही संकट त्यातून ओढवले नाही. एकच युक्तिवाद एका ठिकाणी टिकला आणि दुसऱ्या ठिकाणी टिकला नाही, तो का?

तुलना सजातीयांची व्हावी

याचे उत्तर असे की, मत आणि सैन्यसेवा ही एकाच कुळातील आहेत. दोन्ही नागरिकत्वाची अंगे होत. युद्ध करावे की शांतता राखावी, हा निर्णय लोकप्रतिनिधी घेतात. त्याचे परिणाम जो आपल्या देहावर झेलतो, त्याला ते प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार असलाच पाहिजे. म्हणून युद्धक्षेत्राचे वय आणि मताचे वय जुळणे हा न्यायाचा भाग आहे, आणि आपल्याकडे ती दोन्ही आज अठरा आहेत. मद्याची मर्यादा हानी टाळण्यासाठी आहे. तिचे नाते बंदुकीशी जोडण्याऐवजी अपायकारक वस्तूंच्या इतर मर्यादांशी जोडावे लागेल.

या कसोटीने पाहिले असता काही प्रश्न उरतात आणि ते टाळता येणार नाहीत. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या विक्रीसाठी १८ वर्षांची मर्यादा घातली आहे. तंबाखूही प्राणघातक असताना तिची मर्यादा मद्याहून इतकी खाली का, हे विचारणे रास्त आहे. त्याचप्रमाणे मत देण्यास अठरा वर्षे पुरतात, तर लोकसभेची उमेदवारी करण्यास पंचवीस का? २०२३ मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीने उमेदवारीचे वय कमी करण्याची शिफारस केली आहे. या तुलना सजातीय असल्यामुळे त्यांत खरा जोर आहे.

वयोमर्यादा पाळली जावी असे वाटत असेल, तर तिचे कारण तरुणांना पटवून द्यावयास हवे. केवळ फलक लावल्याने आणि दंडाच्या भीतीने संयम रुजत नाही. दुकानात वयाची खातरजमा काटेकोरपणे झाली पाहिजे, आणि घरातील वडीलधाऱ्यांचे वर्तनही उपदेशाशी सुसंगत असले पाहिजे.

तरुणांच्या बाजूने पाहता अठराव्या वर्षी हाती येणारा अधिकार मोठा आहे. २०२२ पासून मतदार नोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा मान्य झाल्या आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना नमुना ६ भरून आगाऊ अर्जही करता येतो. १९७१ मध्ये वीस वर्षांच्या तरुणाला जो अधिकार नव्हता, तो आज अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या दारी आला आहे. मद्याची मर्यादा योग्य की अयोग्य, उमेदवारीचे वय किती असावे, हे प्रश्न ज्या सभागृहांत सुटावयाचे आहेत, ती सभागृहे त्यांच्याच मतांनी घडतात. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही, हे पाहण्यापासूनच त्याची सुरुवात होते.